भुलभुलैया (मेझ) बनवून छापायला चांगला फुकट, ओपन सोर्स प्रोग्राम सांगा

आंबटगोड
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत मी आणि अजून दोघीजणी मिळून रविवारी मुलांचं छोटंसं वाचनालय चालवतो. पुस्तक बदलून झालं तरी पोरं हलत नाहीत, काहीतरी करायला मागतात, म्हणून मी "सशाला गाजरापर्यंत पोचवा" टाइपची कोडी छापून ठेवायला लागले. तुफान हिट!
आता अडचण अशी की नेटवर मिळतात ती कोडी त्याच त्याच, खाली भलामोठा वॉटरमार्क, आणि एका साइटने तर थोडी पानं झाल्यावर कार्डाचा नंबरच मागितला. शिवाय आमची गिऱ्हाईकं वय वर्षं ४ ते १२, एकच कोडं सगळ्यांना कसं चालणार.
तर मला हवंय ते असं: ऑफलाइन चालणारा, फुकट, शक्यतो ओपन सोर्स प्रोग्राम, सोपं-अवघड आपल्याला ठरवता यावं, उत्तर वेगळं मिळावं आणि ए४ वर नीट छापलं जावं. माझ्याकडे जुना विंडोज लॅपटॉप आहे, नवऱ्याच्या मशीनवर उबुंटू. प्रोग्रामिंग येत नाही, एक्सेल बरं येतं. सुचवा.

कट्टेकरी
प्रोग्राम कशाला, आमच्या वॉर्डातल्या खोदलेल्या रस्त्यांचा ड्रोनने फोटो काढा आणि छापा. दर महिन्याला नवीन व्हर्जन, तेही करदात्यांच्या पैशातून.

लिनक्सवाला_बाप्या
ताई, डेडलस बघा. वॉल्टर पुलेन नावाच्या गृहस्थाचा विंडोजसाठीचा प्रोग्राम, फुकट आहे आणि सोर्सही खुला, जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचं) लायसन. मेझ बनवतो, सोडवून दाखवतो, छापतो, वर त्याच मेझच्या आत शिरून चालताही येतं, जुन्या थ्रीडी गेमसारखं. दिसायला अगदी जुनाट आहे आणि मेनू इतके भरमसाट की पहिल्यांदा उघडल्यावर आपणच भुलभुलैयात अडकल्यासारखं होतं, पण मेझ या विषयात त्या माणसाने काही म्हणजे काही सोडलेलं नाही. गोल, षटकोनी, त्रिकोणी, एकावरून एक पूल जाणारे, बिनफाट्याचे, सगळं आहे. तुम्ही फक्त क्रिएट मेनूतला "परफेक्ट" (कुठल्याही दोन जागांमध्ये एकच वाट असलेला) घ्या, आकडे टाका, प्रिंट. बाकीच्या मेनूंकडे बघूच नका सुरुवातीला.
उबुंटूवर वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून चालवून बघा.

निशिगंध
एवढं लांब कशाला जायचं, गिंप असेल ना मशीनवर? फिल्टर्स, मग रेंडर, मग पॅटर्न, त्यात "मेझ" असा ऑप्शन आहे. फोटो एडिटरमध्ये मेझ का ठेवलाय देव जाणे, पण आहे. नवीन फाइल घेताना ए४ आणि ३०० पीपीआय निवडा, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल येतात. मग मेझमध्ये रुंदी-उंची ६० ठेवली की रस्ता कागदावर साधारण ५ मिलिमीटरचा होतो, १२० ठेवली तर एक सेंटीमीटरचा. सीडचा आकडा बदलला की नवीन मेझ. झालं.

शून्यवादी
कॉम्प्युटरने पाडलेली ही कोडी म्हणजे नुसत्या जिलब्या. लहानपणी मासिकात यायची ती हाताने काढलेली असायची, वाटेत विहीर, झोपलेला वाघ, एखादी म्हातारी, चुकलात तरी मजा यायची. यात काय आहे? काळ्या रेघा. पोरांना असला कारखान्याचा माल द्यायचा तर मोबाइलच द्या की हातात.

कट्टेकरी
*पॉपकॉर्न घेऊन बसलोय*

आंबटगोड
@निशिगंध, करून बघितलं, मेझ झकास आला, पण आत शिरायला दारच नाही! चारी बाजूंनी बंद. आणि उत्तर कुठून काढू? स्वतः सोडवायला बसले तर स्वयंपाक कोण करणार.
@लिनक्सवाला_बाप्या, डेडलस उतरवला, उघडला, घाबरून बंद केला. रात्री परत बघते.
@शून्यवादी, विहीर आणि वाघ तुम्ही काढून देता का? रविवारी सकाळी या, चहा देऊ.

निशिगंध
दारं आपण पाडायची. मेझला चारी बाजूंनी जो रंग सलग फिरलेला दिसतो ती भिंत. खोडरबर किंवा पेन्सिलने त्या भिंतीत वर डावीकडे एक भोक पाडा, खाली उजवीकडे एक. भोक रस्त्यासमोर यायला हवं एवढं बघा.
आता उत्तराची गंमत सांगते, मला ही फार आवडते. अशा मेझमध्ये कुठल्याही दोन जागांमध्ये एकच वाट असते, गोल फिरून परत येता येत नाही. म्हणजे आतली प्रत्येक भिंत कुठून ना कुठून बाहेरच्या कडेला जोडलेली असते. कडेला दोन ठिकाणी भोकं पाडली की त्या सगळ्या भिंतींचे बरोब्बर दोन तुकडे होतात. मग बकेट फिल घ्या, लाल रंग निवडा, आणि भिंतीच्या कुठल्याही एका ठिकाणी टिचकी मारा. अर्ध्या भिंती लाल होतील, अर्ध्या काळ्या राहतील. ज्या रस्त्याच्या एका हाताला लाल भिंत आणि दुसऱ्या हाताला काळी, तीच बाहेर पडायची वाट. सगळ्या फसव्या गल्ल्यांना दोन्हीकडून एकच रंग असतो. ही लाल-काळी फाइल "उत्तर" म्हणून वेगळी सेव्ह करा.

चौकोनी_चिवडा
आयला. इतकी वर्षं गिंप वापरतोय, हे कधी डोक्यातच आलं नाही. आत्ता ऑफिसात करून बघितलं, शेजारचा विचारतोय हे कुठल्या क्लायंटचं काम. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मोडीवाचक
दंडवत _/\_

टोनर_संपला
झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे माझं, सांगलीत, म्हणून मधे बोलतो. निशिगंधताईंची आयडिया भारी आहे पण गिंपच्या मेझमध्ये भिंत आणि रस्ता एकाच रुंदीचे येतात, म्हणजे लहान मुलांसाठी एक सेंटीमीटरचा रस्ता केलात तर भिंतपण एक सेंटीमीटरची, आणि जवळजवळ अर्धं पान काळंकुट्ट. असली पन्नास पानं घेऊन गिऱ्हाईक आलं की आम्ही तोंडावर हसतो आणि मनात टोनरचा हिशेब करतो. भिंतीचा रंग काळ्याऐवजी फिकट करडा ठेवा. नाहीतर रेघेच्या भिंती देणारा प्रोग्राम वापरा.
पण रेघ म्हणजे अगदी केसासारखी पण नको. स्क्रीनवर मस्त दिसते, प्रिंटलाही येते, पण त्या प्रिंटची झेरॉक्स काढली की मधेमधे तुटते आणि मग भिंतीत नसलेली दारं तयार होतात. पोरगं तिथून बरोबर निसटतं आणि वर तुम्हालाच सांगतं की वाट आहे. रेघ निदान एक पॉइंट ठेवा, बारक्यांसाठी दोन.
दुसरं, फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका हो, हात जोडतो. तो दाबून चपटा करतो, रेघांच्या कडेला धूळ उडाल्यासारखं दिसतं. पीडीएफ करा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि प्रिंट देताना स्केल बघा, मार्जिन कमी ठेवलं असेल तर बाहेरची भिंत कापली जाते. चारी बाजूंनी एक सेंटीमीटर सोडलं की कुठलाही प्रिंटर कुरकुर करत नाही.

आंबटगोड
भिंतीत नसलेली दारं 😂 आमच्याकडे एक सहा वर्षांचा वकील आहे, तो रोज हेच करतो. "इथे रेघ तुटलीय काकू, म्हणजे जाता येतं."

छापाकाटा
"सोपं-अवघड ठरवता यावं" यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, जरा लांबेल.
बहुतेकांना वाटतं चौकोन वाढवले की अवघड. तेवढंच नसतं. वर निशिगंध म्हणाल्या तसा मेझ म्हणजे एक झाड असतं, सगळ्या खोल्या जोडलेल्या पण कुठे वळसा नाही. २० बाय २० चा घेतला तर खोल्या ४००, आतल्या भिंती ७६०. सगळ्या खोल्या जोडायला ३९९ भिंती पाडाव्या लागतात, कमी नाही, जास्त नाही, म्हणजे ३६१ उरतात. कुठलाही प्रोग्राम घ्या, आकडा हाच. प्रश्न एवढाच की कुठल्या ३९९ पाडायच्या, आणि सगळी मजा तिथे आहे.
गिंपमध्ये दोन पद्धती दिसतील, "डेप्थ फर्स्ट" आणि "प्रिम". डेप्थ फर्स्ट म्हणजे एकाने आत शिरायचं, मन मानेल तिकडे भिंती फोडत जायचं, जिथे पुढे जागाच उरली नाही तिथून एकेक पाऊल मागे यायचं आणि जिथे कोरी खोली शेजारी दिसेल तिथून पुन्हा सुरू. यात लांबच लांब नागमोडी वाटा होतात आणि बंद गल्ल्या कमी, साधारण १० टक्के खोल्या. पण चुकलात की खूप आत जाऊन मग कळतं. प्रिममध्ये मेझ सगळीकडून थोडा थोडा वाढतो, बंद गल्ल्या ३० टक्के किंवा त्याहून जास्त, पण आखूड. दिसायला भयंकर किचकट, सोडवायला सोपा, कारण गल्ली बंद आहे हे डोळ्याला लगेच दिसतं.
म्हणून सहा वर्षांच्या मुलाला प्रिम द्या, त्याला वाटतं केवढं अवघड सोडवलं. दहा-बारा वर्षांच्याला डेप्थ फर्स्ट द्या, तो वैतागेल.
अवांतर: हा प्रिम मेझवाला नव्हताच. १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये तो कमीत कमी तारेत सगळी ठिकाणं कशी जोडायची हे बघत होता. त्याच्या आदल्या वर्षी क्रुस्कलने त्याच प्रश्नाची दुसरी रीत दिली, आणि त्याच्याही आधी १९२६ मध्ये बोरुव्का मोराव्हियात विजेच्या जाळ्यासाठी हेच करत होता. तारा जोडणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेलं गणित आणि आपण त्याने ससा गाजराला जोडतोय.

शून्यवादी
माझाच मुद्दा सिद्ध केलात. विजेच्या तारा.

छापाकाटा
हाताने काढणारासुद्धा भिंतीच पाडत असतो हो, फक्त हळू. उलट हातच्या कोड्यात एक चोरी असते. काढणारा सुरुवातीकडून विचार करतो, फसव्या वाटा तिकडूनच काढतो, म्हणून गाजराकडून उलटं सोडवलं की पटकन सुटतं. आपण सगळे लहानपणी तसंच करायचो. विल्सनच्या रीतीने (१९९६ ची आहे) बनवलेल्यात ती चोरी चालत नाही, त्यात जितके मेझ शक्य आहेत ते सगळे सारख्याच शक्यतेने येतात, त्यामुळे इकडून काय नि तिकडून काय.

पेन्सिल_तासली
प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे अल्गोरिदम राहू द्या, रस्ता किती रुंद ते आधी ठरवा. चार वर्षांच्या मुलाला वाट कळते, पण हात रेघेच्या आत राहत नाही, मग त्याला वाटतं आपण हरलो. त्याला दीड सेंटीमीटरचा रस्ता लागतो, खडू किंवा जाड स्केचपेन. मार्जिन सोडून ए४ वर १२ बाय १८ खोल्या बसतात, आणि त्याही चार वर्षांच्याला जास्तच, मी तर अर्धं पानच देते. मोठ्यांना ८ मिलिमीटर पुरतो, २३ बाय ३४ मध्ये चांगली अर्धा तास शांतता मिळते.
आणि शून्यवादींचं अगदीच चूक नाही. कोरा मेझ दिला तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं बघत नाहीत. त्याच कागदावर एका टोकाला मांजर आणि दुसऱ्या टोकाला मासा चिकटवला की झडप घालतात. मेझ प्रोग्रामने करावा, मांजर आपण.

शून्यवादी
हे मान्य. मांजर हाताने काढलेलं असावं एवढी अट.

निशिगंध
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

लिनक्सवाला_बाप्या
मांजरासाठी आणि मराठी मथळ्यासाठी लिब्रेऑफिस ड्रॉ वापरा. मेझचं चित्र आत टाका, वर युनिकोडमध्ये मथळा लिहा, एक्सपोर्ट पीडीएफ. मेझच्या प्रोग्राममध्ये मराठी लिहायची झटापट करायचीच नाही.

म्युनिकचा_मामा
इकडे उन्हाळ्यात शेतकरी मक्याच्या शेतातच मेझ कापतात आणि तिकीट लावून आत सोडतात. भाचरं आली होती तेव्हा गेलो होतो. मका डोक्याच्या वर, काही दिसत नाही, बायको फोनवरून विचारतेय कुठे आहात, मी म्हटलं मक्यात. 
मूळ मुद्द्याला धरून: पायथॉन येणारं कोणी घरात असेल तर हा प्रोग्राम स्वतः लिहिणं म्हणजे एका संध्याकाळचं काम, एसव्हीजीत रेघा काढायच्या, कितीही मोठं छापा फुटत नाही. छापाकाटांनी सांगितलेला डेप्थ फर्स्ट सगळे पुस्तकी रीतीने लिहितात, फंक्शन स्वतःलाच बोलावतं, आणि ५० बाय ५० ला गेलं की पायथॉन हात वर करतो, कारण तो अशी हाक हजारापर्यंतच सोसतो. त्यापेक्षा साधी लिस्ट ठेवा, पुढे गेलं की खोली लिस्टीत टाका, मागे यायचं तर शेवटची काढा.
आणि एक, सीडचा आकडा पानाच्या कोपऱ्यात बारीक छापा. तोच प्रोग्राम, तेवढेच चौकोन आणि तोच सीड दिला की तोच मेझ परत येतो, म्हणजे उत्तरांचा गठ्ठा सांभाळायला नको. प्रत्येक मुलाला वेगळा सीड दिला की शेजारच्याचं बघून काढायची सोयही संपली.

आंबटगोड
घरातला पायथॉनवाला सध्या आयपीएल बघतोय.

कुशावतीकाठ
थोडं अवांतर, पण गोव्याचा असल्याने राहवत नाही. आमच्या सांगे तालुक्यात रिवणजवळ उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत, १९९३ मध्ये जगासमोर आली. बैल, हरणं, मोर, आणि त्यातच एक भलामोठा गोल भुलभुलैया. पण बोट ठेवून फिरवलं तर कळतं की त्यात फाटाच नाही, एकच वाट फिरत फिरत मध्यापर्यंत जाते. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यूचा चक्रव्यूह कोरलाय तोही असाच गोल वेटोळ्यांचा. आणि ज्याच्या नावाचा तो डेडलस प्रोग्राम आहे, त्या ग्रीक पुराणातल्या क्रीटच्या डेडलसची गोष्ट चुकवणाऱ्या महालाची, पण तिथल्या क्नोसोसच्या नाण्यांवर काढलाय तो एकाच वाटेचा. चुकायची सोयच नाही.
चार वर्षांच्या पोरांना हाच द्या ना. बोट ठेवा, फिरत जा, मधे पोचा. रडणं नाही.

पेन्सिल_तासली
@कुशावतीकाठ, हे फार आवडलं. शाळेच्या पटांगणात चुन्याने काढून बघते, मुलांना त्यावरून चालायला लावता येईल.

कट्टेकरी
एकच वाट, फाटा नाही, मधे जाऊन अडकायचं. थोडक्यात लग्न.

मोडीवाचक
धागा भरकटून त्याचं काश्मीर व्हायच्या आत एक कामाचा प्रश्न. मी असे शंभरेक मेझ, मराठी मथळे वगैरे घालून, दिवाळीत छोटं पुस्तक छापून विकायचा विचार करतोय. डेडलस किंवा गिंप जीपीएल आहे म्हणजे माझं पुस्तकपण फुकट वाटावं लागेल का?

लिनक्सवाला_बाप्या
नाही. जीपीएल प्रोग्रामला लागू, त्यातून निघालेल्या तुमच्या चित्राला नाही. प्रोग्रामने स्वतःचाच एखादा तुकडा त्या चित्रात घातला तर गोष्ट वेगळी, मेझच्या रेघांत तसं काही नसतं. गिंपमध्ये काढलेल्या पोस्टरवर गिंपचा हक्क येत नाही ना, तसंच. बिनधास्त विका. उलट त्या फुकट साइट्सवरून उतरवलेले मेझ पुस्तकात घालू नका, तिथे बऱ्याचदा "फक्त घरगुती वापरासाठी" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. धंदा करायचा तर ओपन सोर्सच सोयीचं पडतं, लोकांना उलटं वाटतं.

मोडीवाचक
धन्यवाद. पुस्तकात शून्यवादींची विहीर घेईन.

छापाकाटा
आंबटगोड, तुम्ही एक्सेल येतं म्हणालात ते आत्ता लक्षात आलं. मग तुम्हाला प्रोग्रामच नको. लिब्रेऑफिस कॅल्क उघडा (ओपन सोर्सची तुमची अट पण पाळली जाते), २० बाय २० चौकोन निवडा, रुंदी-उंची सारखी करा. सगळ्यात रँडबिटवीन घालून शून्य किंवा एक आणा. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये लावा की शून्य असेल तर चौकोनाच्या वर रेघ, एक असेल तर उजवीकडे रेघ. सगळ्यात वरच्या ओळीत सगळीकडे शून्य, सगळ्यात उजव्या रांगेत सगळीकडे एक, कोपऱ्यात दोन्ही रेघा. डावीकडे आणि खाली कायमची बॉर्डर. आकडे पांढऱ्या रंगात. एफ९ दाबा, नवीन मेझ. परत दाबा, अजून एक. आणि हा बरोब्बर परफेक्ट मेझ असतो, गणिताने सिद्ध.
कॉम्प्युटर नसेल तर आलेखाच्या कागदावर नाणं घेऊन मुलांकडूनच करून घ्या. छापा आला तर वरची भिंत खोडा, काटा आला तर उजवीकडची. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

पेन्सिल_तासली
नाण्याचं मी चौथीच्या वर्गात केलंय, मुलं वेडी होतात, एकमेकांसाठी बनवतात. पण एक पोरगी फार लवकर शहाणी झाली. खाली डावीकडून शिरायचं आणि वर उजवीकडून निघायचं असेल तर फक्त "वर किंवा उजवीकडे" एवढंच चालत राहायचं, एकदाही अडत नाही. तिने ते कुजबुजत अख्ख्या वर्गाला सांगितलं आणि माझा तास संपला.

चौकोनी_चिवडा
मग वर डावीकडून शिरून खाली उजवीकडून बाहेर काढा.

छापाकाटा
अहो ते तर त्याहून वाईट! वरची अख्खी ओळ मोकळी आणि उजवीकडची अख्खी रांग मोकळी. ससा एक्सप्रेसवेवरून सरळ जातो, कोपऱ्यावर एकदा वळतो आणि गाजर खातो. ससा आणि गाजर दोन्ही आतल्या खोल्यांत ठेवा, आणि शक्यतो दोघेही खालच्या भागात, लांब लांब. मग वर जाऊन परत खाली उतरावं लागतं, आणि उतरताना फाटे फसवतात.

चौकोनी_चिवडा
ओके, कळलं 😅 कॉलेजात मायक्रोमाउस (मेझमधून स्वतः वाट काढणाऱ्या छोट्या रोबो-उंदरांची स्पर्धा) केलं होतं त्यामुळे जरा जोशात बोललो. तिथे १६ बाय १६ चा मेझ, एकेक खोली १८ सेंटीमीटरची, आणि आपल्या उंदराने स्वतः मध्यभागी पोचायचं. नवशिक्या पोरांचे उंदीर उजवी भिंत धरून चालायचे. आपल्या कोड्यांत ही युक्ती हमखास चालते, हात भिंतीवरून उचलायचा नाही की आपोआप दार येतं. म्हणून तिथे मुद्दाम वळसे ठेवलेले असतात, मधली जागा बाहेरच्या भिंतीपासून सुटी असते. भिंत धरून चालणारा उंदीर कडेकडेने फिरतच राहायचा, आणि आम्ही कठड्याबाहेर उभे राहून त्याला शिव्या घालायचो.
डेडलसमध्ये असा वळशांचा प्रकार आहे, "ब्रेड" (braid, म्हणजे वेणी) नावाने, बंद गल्ली एकही नाही. तुमच्या बारा वर्षांच्या हुशारांना तो द्या, गाजर मध्यभागी ठेवा, आणि मजा बघा.

निशिगंध
फक्त त्यात माझी लाल रंगाची युक्ती चालणार नाही हां, भिंतींचे दोन तुकडे नसतात, बेटंच बेटं असतात. उत्तर डेडलसकडूनच घ्या.

टोनर_संपला
आणि उत्तर त्याच पानाच्या मागे छापू नका. ७० जीएसएमच्या कागदातून उजेडाकडे धरलं की सगळं दिसतं, आणि पोरांना हे आपल्याआधी कळतं.

आंबटगोड
मंडळी, कालच्या रविवारचा रिपोर्ट. बारक्यांना कुशावतीकाठ म्हणाले तसा एका वाटेचा, डेडलसमधूनच निघाला तो, मेनूत "युनिकर्सल" लिहिलंय. मधल्यांना गिंपचा प्रिम, भिंती करड्या. मोठ्यांना ब्रेड, आणि त्यांनी तो सोडवायच्या ऐवजी भिंत धरून चालायचं शास्त्र लावलं आणि अर्धा तास कडेने फिरत बसले, चौकोनी_चिवडा यांना धन्यवाद. मांजरं शेजारच्या आजींनी काढून दिली, शून्यवादी खूश होतील.
कॅल्कचं अजून जमलं नाही, कोपऱ्यातल्या चौकोनाला दोन्ही रेघा कशा लावायच्या? एक कंडिशन लागली की दुसरी लागतच नाही.

छापाकाटा
कोपऱ्याला कंडिशन लावूच नका. तो एकच चौकोन त्यातून वगळा आणि हाताने साधी बॉर्डर द्या, वर आणि उजवीकडे. तो कधी बदलतच नाही.

आंबटगोड
झालं! एफ९ दाबत बसलेय, थांबवत नाहीये.